फायनलची साखर

माझा रक्तदाब फुटबॉलमुळे वाढत नाही, घरच्यांमुळे वाढतो. हे मी डॉक्टरांनाही सांगून पाहिलं. त्यांनी जागरण बंद केलं.

आता युरोपातल्या क्लबांची फायनल इथे सिंगापुरात लागते भलत्या वेळी, सगळं जग झोपल्यावर. म्हणून यंदा ठरवलं, शहाण्यासारखं झोपायचं आणि रविवारी सकाळी रेकॉर्डिंग बघायचं. अट एकच, निकाल आधी कळता कामा नये. माझा क्लब मी शाळेत असल्यापासून फायनलला पोचला नव्हता! शनिवारी मी घरात फर्मान काढलं, सामना बघून होईपर्यंत कसलीही बातमी माझ्या कानावर घालायची नाही. कसलीही! स्वतःचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला. नीताने, म्हणजे बायकोने, विचारलं की इमारतीला आग लागली तर सांगायचं का. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि देव्हाऱ्याकडे लक्ष गेलं. देवापुढे वाटीत साखर!

पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई चांगली बातमी आली की देवापुढे साखर ठेवते. सेमीफायनल जिंकलो तेव्हा तर मीच तिला ठेवायला लावली होती. रोज उजाडताच ती इमारतीखाली फेऱ्या मारते आणि खालच्या कॉफीशॉपमध्ये टीव्ही कायम चालू असतो. म्हणजे आम्ही जिंकलो होतो आणि इतक्या वर्षांची माझी उत्कंठा चमचाभर साखरेत विरघळली होती. माझं डोकंच फिरलं.

"आई, तुला कळलंय ना?"

"कळलंय," आई गालातल्या गालात हसली. "पण सांगायचं नाही, असं तूच म्हणालास."

मग मी जी आदळआपट केली, ती खालच्या मजल्यावरही ऐकू गेली असणार. या घरात माझी एक गोष्ट कोणी धड होऊ देत नाही, असं आईला सुनावलं. नीता मध्ये काही बोलायला लागली, तिलाही गप्प केलं. पोहे न खाता धुमसत टीव्हीपुढे बसलो.

अर्ध्या तासात आमच्यावर दोन गोल. मी ढिम्म. जिंकणार हे ठाऊक असलेला माणूस कशाला घाबरेल? (राग मात्र जागेवर होता.) शेवटी शेवटी लेक इरा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, टू-निल ऑलरेडी लाह. हाऊ टू विन?" तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, असं मी तिला समजावलं.

शेवटच्या मिनिटाला आमचा एक चेंडू गोलखांबावर आपटून परतला आणि शिट्टी वाजली. हरलो.

मी रिमोट सोफ्यावर आपटला (भिंतीवर आपटणार होतो, पण घर भाड्याचं आहे). "मग ती साखर कसली होती?"

"संपला का सामना?" आईने आधी खात्री करून घेतली. "निखिलला मुलगी झाली आज पहाटे. दोघी सुखरूप आहेत. तू काका झालास."

निखिल माझा धाकटा भाऊ. त्याची बायको बाळंतपणाला नागपूरला माहेरी गेलेली, अजून पंधरा दिवस अवकाश होता. सकाळपासून सगळ्या घराला माहीत होतं आणि आजी झालेल्या बाईवर मी ओरडत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. तांदूळ उपसून फोन काढला आणि निखिलला लावला. पण गोलखांबावरून परतलेला तो चेंडू काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. मला हुंदका फुटला.

"दादा, रडतोयस?" निखिलने विचारलं. "एवढा आनंद झाला तुला?"

"हो रे," मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत मी हळवा काका म्हणून प्रसिद्ध आहे.