हौदात बुडवलेली पेटी

आयात खुली झाली तेव्हा पाण्याखाली फोटो काढायची हौस मी भागवली. कॅमेऱ्यासाठी परदेशी जलबंद पेटी आणली. लक्षद्वीपला डायव्हिंगला निघण्याआधी बरकतपुऱ्यातल्या घरी कॅमेरा न घालता, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून ती हौदात दाबून धरली. श्वास रोखून बघत होतो. एक बुडबुडा आला. मग रांगच लागली.

पेटी उघडली, तर कागद ओला आणि लालसर. झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर कुंकवाचे कण! नव्या वस्तूची पूजा आईनं आतूनही केली होती.

माझं डोकंच फिरलं. "अगं, याच्यानंच पाणी शिरलं!"

"समुद्रात जायची वस्तू, नुसतं बाहेरून लावून कसं चालेल?" ती म्हणाली. "कॅमेरा राहिलाय. आण इकडे."