शेजारच्या काकांची टाळी

अमेरिकेत, श्रूजबरी गावात आमच्या शेजारी एक जुने पिचर राहायचे. एके काळी पोटापाण्यासाठी बेसबॉल फेकायचे. खांदा निकामी झाल्यावर लहान संघांचे कोच झाले, आणि आता स्काऊट होते, म्हणजे गावोगावी हिंडून नवे खेळाडू हेरायचे. बोलणं मोजकं, पण चकल्या दिसल्या की संकोच गुंडाळून ठेवायचे. माझी लेक त्यांना खुशाल काका म्हणायची आणि तेही ओ द्यायचे.

लेकीला पिचर व्हायचं होतं. तिचे बाबा पुण्यातले जुने बोलर. त्यांनी आधीच दम भरून ठेवला होता, "कोपर वाकवलंस तर खबरदार!" त्यामुळे पोरगी हात काठीसारखा ताठ ठेवून फेकायची आणि चेंडू जायचा थेट काकांच्या अंगणात. शेवटी न राहवून काका कुंपणाशी आले.

"हे कुणी शिकवलं?"

नवरा लगेच आकाशाकडे बघायला लागला. त्या दिवसापासून काका संध्याकाळी तिचं कोपर वाकवायला येऊ लागले. क्रिकेटमधलं पाप इथे पुण्य निघालं.

एकदा चहा पिताना त्यांनी धंद्यातली गोष्ट सांगितली. "खेळाडू आवडला की मी टाळी वाजवत नाही. बाजूच्या स्काऊटला कळेल ना! गुपचूप उठून गाडीत जाऊन बसतो." आम्ही पोट धरून हसलो आणि मी ते विसरूनही गेले.

मग लेकीला पिचर म्हणून पहिला सामना मिळाला. मुलांच्या टीममध्ये ही एकटी मुलगी. सकाळीच तिने जाहीर केलं, "काकांना आवडलं तर कंटिन्यू करीन. नाहीतर आय क्विट." मी पर्समध्ये रुमाल टाकला.

काका माझ्या शेजारीच बसले. समोरच्या टीममधल्या कुणी साधा चेंडू अडवला तरी टाळ्या. आमच्या पोरीने पहिल्याला बाद केलं, दुसऱ्याला केलं, हे ढिम्म. तिसरा बाद होऊन समोरच्यांची पाळी संपली आणि हे चक्क उठून चालायला लागले. माझं डोकंच फिरलं. एवढ्या चकल्या रिचवल्या, पोरीसाठी एक टाळी फुटेना!

लेक धावत माझ्याकडे आली. आता रडणार म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, तर तिचं तोंड हसूनहसून फाकलेलं.

"आई, काका लेफ्ट! उठून गेले!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, आणि रुमाल मलाच लागला. डोळे पुसून पार्किंगकडे पाहिलं. गाडीच्या काचा बंद करून काका आत एकटेच टाळ्या वाजवत होते.