नमुन्याच्या घरातला पलंग

आमच्या समोरच्या घरातल्या बाईला सगळी गल्ली सीटवाली म्हणते. तोंडावर वहिनी, पाठीमागे सीटवाली. बसगाड्यांच्या कारखान्यात सीटा शिवण्यात तिचा जन्म गेला. कुणाकडेही गेली की आधी खुर्चीवर मूठ दाबणार, मग बसणार, मग जरा उसळून बघणार, आणि त्यानंतर घरच्यांची ख्यालीखुशाली. माझ्या सोफ्यावर एकदा बसली आणि म्हणाली, "काका, ह्याचा जीव केव्हाच गेलाय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं?" आता शेजाऱ्याच्या सोफ्याबद्दल असं बोलतात का? पण खोटं नव्हतं, म्हणून गिळलं.

ती कारखान्यातून निवृत्त झाली आणि धाकट्या दिराला लगेच तिची काळजी वाटू लागली. दिराचं प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्याला तिथे बादल्यांची चळत दिसायला लागते. भाऊ गेल्यापासून घर वहिनी-दिराचं सामाईक, आणि वरची खोली रिकामी.

"वहिनी," तो म्हणाला, "वर माझा माल ठेवू. आणि तुम्ही दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसा. बसण्यातलं तुम्हाला कळतंच."

"कळतं म्हणूनच तिथे बसणार नाही. ती खोली सजवून मी भाड्याने देणार. थोड्या दिवसांच्या कामाला लोक येतात ना शहरात, त्यांना. कुणाच्या गल्ल्यावर बसून खाणार नाही मी, भाऊजी."

दीर खो खो हसला. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. गॅलरीतली खुर्ची कठड्यापाशी सरकवली होती, एवढंच. मग दिराने अट घातली: पहिला भाडेकरू पुरा पंधरवडा टिकला, तर खोली कायमची वहिनीची, तो पुन्हा नाव काढणार नाही. मध्येच पळाला, तर बादल्या वर आणि वहिनी गल्ल्यावर.

"शब्द?" ती म्हणाली.

"शब्द."

झालं! दुसऱ्या दिवसापासून बाई सामानाच्या मागे लागली. नव्या दुकानात एका पलंगाची किंमत ऐकून तिने विक्रेत्याला विचारलं, "ह्यात झोप पण मिळते का, की ती वेगळी?" जुन्या बाजारात सामान स्वस्त आणि दणकट होतं, पण खोलीचा फोटो काढला असता तर दवाखाना दिसला असता. आणि लोक फोटो बघून खोली ठरवतात, हे तिला पक्कं ठाऊक. ह्या दुकानातून त्या दुकानात, पायाला भिंगरी. दिराने विचारलं, "सापडलं का काही?" तर म्हणे, "सापडेपर्यंत शोधतात, भाऊजी. त्यालाच शोधणं म्हणतात."

बातमी शेवटी मीच आणली. बातम्या आणण्यात आपला हात कोण धरणार? नव्या इमारतींच्या कामावर गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. सगळी घरं विकली गेली, आता नमुन्यातलं सामान काढायचं होतं. मी सांगितलं आणि माझा चहा संपायच्या आत ती तिथे पोचली.

काय सामान होतं म्हणता! फिक्या लाकडाचा ठेंगणा पलंग, उशाशी गादीदार फळी, त्याच लाकडाचा लांबट बाक, गोल टेबल, बारीक पायांच्या दोन खुर्च्या. अगदी मासिकात शोभावं असं. बाईने प्रत्येक गोष्टीवर मूठ दाबली, बसली, उसळली. सगळं पास. मग घासाघीस करून असं काही पदरात पाडलं की तिथल्या माणसाने पुढच्या गिऱ्हाइकाला दार उघडलं नाही म्हणतात.

आमच्या गल्लीतला सुतार मदतीला आला. जिन्याच्या वळणावरून तो पलंग असा अलगद वर गेला, जणू रोजचं जाणं-येणं. शंका तेव्हाच यायला हवी होती. पण सुंदर वस्तूवर शंका कोण घेतो? लग्नं तशीच तर जमतात. बाईने उशाच्या फळीला बसच्या सीटचं निळ्या पट्ट्यांचं उरलेलं कापड चढवलं, खिडकीला तसेच पडदे केले. इवलीशी खोली फोटोत दिवाणखान्यासारखी दिसली. पंधरवड्यासाठी मागणीही आली.

भाडेकरू आली ती पुलाच्या कामावर क्रेन चालवणारी. दारातून वाकून आत शिरली, एवढी उंच. खोली बघून खूश झाली. सकाळी मात्र खाली आली ती कंबर धरून.

"काकू, खोली देखणी आहे, पण मी रात्रभर प्रश्नचिन्हासारखी झोपले. पाय लांब केले की पायथ्याची फळी लागते. दिवसभर केबिनमध्ये दुमडून बसायचं आणि रात्री परत दुमडून झोपायचं? नाही जमणार. संध्याकाळी येऊन सामान उचलते."

ती कामावर गेली. बाई वर गेली, पलंगाकडे जरा वेळ बघत राहिली आणि त्याच्यावर पहिल्यांदाच आडवी झाली. बाईची उंची ती काय, तरी तिच्याही टाचा फळीला टेकल्या.

तिने सुताराला बोलावलं. त्याने टेप लावली आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, हा झोपायचा पलंग नाही, दाखवायचा आहे. नमुन्याच्या घरात खोली मोठी वाटावी म्हणून सामानच लहान करतात. बघायला येणारा माणूस तिथे कशाला झोपतोय?"

"मीही नाही झोपले," बाई म्हणाली. "बसून बघितलं. उभा जन्म बसूनच बघितलं मी."

दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. हिने बाह्या सारल्या. तेवढ्यात दीर दारात हजर. वाईट बातमीला गल्लीत चाकं असतात. (ह्या वेळी मी नव्हतो, शपथ.)

"वहिनी, संध्याकाळी टेम्पो सांगू ना मग?"

"सांगा की. सुतारमामा, ही पायथ्याची फळी काढा."

"काढतो, पण पुढे काय लावणार?"

"बाक."

बाक त्याच लाकडाचा, त्याच घडणीचा, फक्त पलंगापेक्षा जरासा बुटका. सुताराने त्याच्या पायांखाली ठोकळे दिले आणि तो पलंगाला नटबोल्टने आवळला. सांगाडा लांब झाला. आता गादी.

"जोड पोटरीला टोचणार, वहिनी. लिहून ठेवा."

"बसच्या मागच्या लांब सीटवर बसलात ना कधी? आत तुकडे असतात. टोचले?"

"नाही बुवा."

"मग गप धरा इकडून."

तिने गादीचं टोक उभं न कापता तिरकं कापलं, नव्या फोमचा तुकडाही तसाच उलटा तिरका, आणि एक दुसऱ्यावर टेकवून चिकटवला. उभी कापली की फट पडते, तिरकी कापली की वजनाने जोड घट्ट होतो, हे ती सुई चालवता चालवता सांगत होती. वरून एकच अखंड खोळ, कडेला निळी पायपिंगची किनार. जेवायलाही उठली नाही. शेवटी चाचणीसाठी मला आडवं केलं. मी इतकी मनापासून चाचणी दिली की सुताराने हलवून उठवलं.

संध्याकाळी खाली टेम्पो उभा, टेम्पोत बादल्यांचे मनोरे, शेजारी दीर. क्रेनवाली आली, सरळ बॅग भरायला वर गेली. मागोमाग बाई, सुतार आणि मी. अशा वेळी घरी कोण थांबतं?

"एकदा पड," बाई म्हणाली. "नाही पटलं तर बॅग मी स्वतः खाली आणून देईन."

पोरगी कामाच्या कपड्यांतच आडवी झाली. आधी गुडघे मोडून, सवयीने. मग हळूच एक पाय सोडला. मग दुसरा. पोटरीने जोड शोधून बघितला, इकडून, तिकडून. सुतार छताकडे बघत होता.

"काकू, जोड कुठे आहे?"

"तुला कशाला हवाय?"

ती हसली आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन पसरली. "राहते मी. पण त्या खुर्चीचं काहीतरी करा. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात."

"उद्या पाय वाढवते खुर्चीचे."

खाली येऊन तिने दिराला सांगितलं, "भाऊजी, टेम्पोवाल्याला सोडा. उगाच थांबण्याचे पैसे लावेल."

"पंधरवडा अजून संपला नाही, वहिनी."

"संपेल की. दिवस काय, ढकलावे लागत नाहीत."

पंधरवडा संपला, आणि पुलाचं काम होईपर्यंत राहते म्हणून क्रेनवालीनेच मुदत वाढवून घेतली. दिराने शब्द पाळला; खोलीचं नाव काढलं नाही. फक्त परवा सकाळी दुकानातली आपली गल्ल्यामागची खुर्ची डोक्यावर घेऊन वहिनीच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, ही जरा बघता का? पाठ धरते हो."

तिने मूठ दाबली. "ठेवा तिथे. भाडेकरूच्या खुर्च्यांच्या गाद्या आधी, मग तुमची. आणि घरचा माणूस म्हणून मजुरी सोडणार नाही, आत्ताच सांगते."