मुदत वाढवून घेणारे हवालदार

"वाडवून घिऊ की, भाऊ," असं म्हणून हवालदार उजवा कान माझ्याकडे करायचे. डावा कान तोफखान्यात गेला होता. उजवाही त्यांना हवं तेवढंच ऐकायचा, असं माझं आजही ठाम मत आहे.

पौडला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शेवटच्या दिवशी धावत येणारी आणि लाइट गेली की दुकानदारालाच बोल लावणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हवालदार शेवटच्या दिवशीही येत नसत.

काम साधं होतं. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कानासाठी अपंगत्वाची पेन्शन मागितली होती. उत्तर आलं: नामंजूर, बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "पर संबंध न्हाई म्हंजी? मंग माजा कान काय भाताच्या खाचरात पडला?"

पत्रात खाली लिहिलं होतं की सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. ती ओळ मी अशी ओरडून वाचली की समोरच्या चहावाल्यालाही मुदत कळली.

"आवनी होऊंदे," हवालदार म्हणाले.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली. मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं, तर म्हणाले, "कापनी होऊंदे." कापणीनंतर झोडणी निघाली. हवालदारांचं गाव मुळशीकडे; तिकडचं कुणी दुकानात आलं की मी त्याच्यापाशी निरोप द्यायचो. एकदा तर त्यांच्या गावच्या दूधवाल्याकडून तो पाठ करून घेतला. उलट निरोप ठरलेला: "भाऊला म्हनावं घाबरू नगं. वाडवून घिऊ."

हे वाढवून घेणं म्हणजे काय, ते मला मुदत उलटून गेल्यावर कळलं. रजेवर घरी आलेला जवान रजा संपता संपता पलटणीला तार करायचा: मदर सीरियस, रजा वाढवा. बऱ्याचदा ती वाढायची. हवालदारांच्या लेखी सरकारी मुदत म्हणजे रजाच. तार केली की झालं!

"लिवा, मदर सीरियस," खुर्चीत बसत ते म्हणाले.

"अहो, तुमची आई जाऊन किती वर्षं झाली?"

"लई झाली. पर चालतंय त्ये."

मी कपाळाला हात लावला. उशिराचं खरं कारण दिलं तर कधी कधी अपील घेतात, एवढीच आशा उरली होती. मी टाइप केलं: कमी ऐकू येत असल्यामुळे मुदत नीट समजली नाही. वाचून दाखवलं, तर हवालदार ताडकन उठले.

"खोटं हाय! मला ऐकू आलं व्हतं."

"मग आला का नाहीत?"

"वाडवून घेनार व्हतो न्हवं!"

म्हणजे मेलेली आई सीरियस चालते आणि हे चालत नाही! मी इतका चिडलो की दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. शेवटी त्यांच्याबरोबर आलेल्या काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उजव्या कानापाशी तोंड नेलं. "सही करा आता. संबंध हाय म्हनून येकदा लिवून येऊंद्या." काकूंचं बोलणं त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. त्यांनी सही केली.

पुढे बरेच दिवस काहीच आलं नाही. पुढच्या दिवाळीत हवालदार झोपेतच गेले. त्यानंतर पत्र आलं: उशीर माफ केला आहे, कानाच्या फेरतपासणीला हजर राहावं.

ते घेऊन काकू एकट्याच दुकानात आल्या. खरं सांगतो, मला पहिल्यांदा रागच आला, आणि तोही गेलेल्या माणसाचा. आवणीच्या आधी सही केली असती तर 'संबंध आहे' हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता आलं असतं. आता ते कुणाला ऐकवायचं? मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

काकूंना म्हटलं, प्रकरण तुम्हाला पुढे चालवता येईल, त्यांचे दवाखान्याचे जुने कागद शोधा. पण ते गेल्याचं आधी कळवायला हवं. "मुदतीच्या आत! कळलं ना काकू? मुदतीच्या आत!"

चहावाला वळून बघायला लागला.

"आजच लिवा," काकू म्हणाल्या. "आन् हळू बोला, भाऊ. मला येतंय ऐकू."