सात पंचवीसची बस

सुर्ला गावच्या माझ्या वर्गमित्राइतकी नव्या सेमिस्टरची तयारी कुठल्या पक्षाने निवडणुकीचीही केली नसेल. कॉलेज उघडायला आठ दिवस असताना, दिवाळीचा फराळ अजून डब्यात असताना, हा रिकाम्या वर्गात हजर. प्रत्येक बाकावर पाच मिनिटं बसून पाहायचा. दुपारचं ऊन कुठे डोळ्यांवर येतं, कुठला पंखा नुसताच कुरकुरतो. डुगडुगत्या बाकांच्या पायांखाली सरकवायला पुठ्ठ्याचे तुकडे कापून आणलेले असायचे. शिपायाने एकदा विचारलं, "बाबा, तू शिकाक येतंस की कॉलेज विकत घेवक?" त्यावर याने शिपायाच्या स्टुलालाही एक पुठ्ठा लावून दिला. आणि बसचं तर विचारूच नका! सुट्टीतही सकाळी सुर्ल्याहून डिचोलीला यायचा, वहीत थांब्याथांब्याची वेळ टिपायचा आणि पुढच्या बसने परत जायचा. पुढे सेमिस्टरभर ती वही चालूच.

मी डिचोलीचा, कॉलेजला चालत जाणारा. चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर वाढलो, त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. सकाळची बस इतकी उशिरा यायची की सुर्ल्याच्या मुलांचा पहिला तास बुडायचा. गेल्या सेमिस्टरला हजेरी कमी म्हणून त्यांना परीक्षेला बसू देणार नाही, अशी नोटीस लागली. त्यात हाही होता. मी लगेच जळजळीत पत्रक काढलं आणि कँटीनमध्ये सह्या मागत फिरलो. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बस किती उशिरा येता, ता खंय लिहिलंस?" मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, की तुझ्यासारखे पुठ्ठे लावणारे आहेत म्हणूनच ही व्यवस्था डुगडुगत का होईना, उभी आहे. सगळे हसले. तोही थोडा हसला आणि त्याने सही केली.

सह्यांचं पत्रक घेऊन आम्ही सगळे डेपोत गेलो, तर बसच्या साहेबांनी हुबेहूब तोच प्रश्न विचारला. कुठल्या दिवशी, किती मिनिटं? माझ्याकडे फक्त विशेषणं होती. मागे उभ्या मुलांतून त्याची ती वही पुढे आली. साहेब पानामागून पान उलटत गेले. बसची वेळ बदलून अलीकडे आली. त्याच वहीची पानं पाहून प्राचार्यांनी नोटीसही मागे घेतली.

मग मी विजयाचं पत्रक लिहिलं. त्यात 'लढा' हा शब्द अकरा वेळा होता. वहीचा उल्लेख एकदाही नव्हता, तिच्या मालकाचाही नाही. विसरलो म्हणालो तर खोटं होईल. लिहिताना वही आठवली होती. तिच्यामुळे आमचा लढा लहान दिसेल असं वाटलं.

ही पत्रकं या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी वाटायची होती, म्हणून गठ्ठा घेऊन मी आदल्या दिवशीच कॉलेजात गेलो. तो अर्थातच आधीपासून तिथे होता. त्याने एक प्रत उचलून दोनदा वाचली. आता तो काय ते बोलेल म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

"बरा लिहिलंस," तो म्हणाला. "पण बस सात पंचवीसाक सुटता. तू साडेसात घातलंस. नव्या पोरांची चुकतली."

आम्ही पायरीवर बसून एकेका पत्रकातली वेळ दुरुस्त करू लागलो. रेघ सरळ यावी म्हणून त्याने मला आपली पट्टी दिली. गठ्ठा संपत आला तरी माझ्या तोंडून माफीचा शब्द निघेना. मागण्या कशा करायच्या तेवढंच मी शिकलो होतो. पायरी उंचसखल होती, माझा गठ्ठा सारखा कलंडत होता. त्याने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला आणि त्याखाली सरकवला.