दगड हलवले का?

मासे आणण्याआधी अच्युत खानझोडेंना विचारावं, ही बुद्धी फार थोड्यांना होई. बहुतेक लोक आधी मासे आणत आणि ते एकमेकांना खायला लागले की मग विचारायला येत.

मंत्रालय जुन्या रायपूर शहरातून उठून नव्या राजधानीत, नव्या रायपूरला गेलं होतं. अच्युतराव सकाळी जुन्या शहरातल्या बूढापाऱ्यातून कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये चढत आणि खिडकीशी बसत. बस गावाबाहेर पडायच्या आत मागच्या सीटवरून कोणीतरी माशांचं विचारायला पुढे वाकत असे. नव्या राजधानीत नवे फ्लॅट झाले होते, फ्लॅटमध्ये नवे सोफे आले होते, आणि सोफ्यासमोर टीव्हीशेजारी काय ठेवावं हे न सुचल्यामुळे माशांची टाकी आली होती. आता टाकी आली म्हटल्यावर मासे हवेत. लोक साडीवर ब्लाउज निवडावा तसे रंग जुळवून मासे निवडत: लाल ऑस्कर, चंदेरी एंजल, आणि मधून चमकायला बोटाच्या पेराएवढे निऑन.

"चालते ना," अच्युतराव म्हणत. "पहिल्या दिवशी चालते. मग निऑन दिसत नाही."

त्यांचं शास्त्र थोडक्यात होतं. जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो सोबती नव्हे, जेवण. आफ्रिकेतल्या तळ्यांच्या माशांना जड पाणी मानवतं, अमेरिकेतल्या नद्यांच्या माशांना हलकं, तेव्हा ते शेजार करू नये. आणि माप जुळलं, पाणी जुळलं, तरी सिक्लिड जातीचे हे मासे स्वभावाने जागेचे लोभी. त्यांना भूक कमी आणि मालकी जास्त. हे सांगताना अच्युतरावांच्या आवाजात जरा रंग येई. बाकी दिवसभर तो नसे.

दिवाळीनंतर त्यांची बायको कुमुद गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. अच्युतरावांनी सगळं रीतसर केलं. कोणाला काय द्यायचं, कोणाला कुठे उतरवायचं, काही चुकलं नाही. अग्नी देऊन आले, आंघोळ केली, आणि रविवार होता म्हणून टाकीचं पाणी बदललं. नातेवाईक म्हणाले, माणूस मोठा खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. रडू येत नव्हतं आणि येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

पुढच्या खोलीत टाकी होती. तिच्यात एक जुना ऑस्कर, काही सिल्व्हर डॉलर आणि तळाला चिकटून राहणारा एक सकर. ऑस्करला कुमुद 'साहेब' म्हणायची, कारण तो खाणं मागायला काचेशी यायचा आणि मिळालं की पाठ फिरवायचा. टाकीसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अच्युतराव बसत. दुसरी कुमुदची.

संक्रांतीनंतर रमाताई आली. ही त्यांची थोरली बहीण, पुलगावची. नवरा केव्हाच गेलेला, आता मुलाने घर विकलं आणि तो सासुरवाडीच्या गावी दुकान टाकून बसला. तिथे ताईला जागा नव्हती. सगळे म्हणाले, अच्युतला सोबत होईल. ताईला छप्पर होईल असं कोणी म्हणालं नाही, पण खरं तेच होतं. ती एक ट्रंक आणि आपला बाळकृष्ण घेऊन आली. अच्युतरावांनी ट्रंक उचलून मागच्या खोलीत ठेवली आणि म्हणाले, "राह्य ताई. तुझंच घर आहे."

मनापासून म्हणाले होते. ताई राहू लागली.

कुमुद उंच होती. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तिचे डबे ओळीने मांडलेले, त्यात साखर उजवीकडून दुसरी. ताई बुटकी, त्यात गुडघे दुखरे. दोन दिवस ती स्टुलावर चढली आणि तिसऱ्या दिवशी साखरेचा डबा तिने खाली ओट्यावर आणून ठेवला. संध्याकाळी अच्युतराव पाणी प्यायला आत आले, डबा पाहिला आणि उचलून वर जागच्या जागी ठेवला. रागाने नव्हे. राग यायला माणसाच्या आत काहीतरी शिल्लक लागतं. हाताने ठेवला, इतकंच. दुसऱ्या दिवशी ताईने पुन्हा खाली आणला, त्यांनी पुन्हा वर नेला. मग ताई मुकाट्याने स्टुलावर चढू लागली.

एकदा ती कुमुदच्या खुर्चीवर बसून मासे पाहत होती. अच्युतराव बाहेरून आले. नुसते उभे राहिले आणि पाहत राहिले. ताई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "भाजी जळून राहिली असन." गॅसवर भाजी नव्हतीच.

तिचा बाळकृष्ण ट्रंकेवरच राहिला. देवघरात जागा होती, पण देव कसे बसवायचे हे कुमुदने ठरवलेलं होतं.

भांडी घासायला माया यायची. होळीच्या सुमारास एका सकाळी तिने अच्युतरावांना दारातच गाठलं. "भैया, बड़े दीदी ह अभनपुर के आसरम के पूछत रिहिस. मोर ननद उहां रांधथे न."

म्हणजे ताई अभनपूरच्या वृद्धाश्रमाची चौकशी करत होती. मायाची नणंद तिथे स्वयंपाकाला होती. माया त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. भाऊ असताना बहीण आश्रमात जाते, याचं काहीतरी उत्तर तिला हवं होतं.

"हव," अच्युतराव म्हणाले, साहेबाला खाणं घातलं आणि बस पकडायला गेले. ऐकलं होतं सगळं. ते कुठे टेकलं मात्र नाही.

त्या आठवड्यात, घरी येऊन टाकी पाहा म्हणून संग्राम त्यांच्या मागे लागला. हा त्यांच्याच शाखेतला तरुण अधिकारी, मूळचा अकोल्याकडचा, पण जन्म भिलाईतला. मराठी सगळी कळायची, उत्तर हिंदीतून यायचं. आधी विचारून मग मासे घेणारा एवढा एकच भेटला म्हणून अच्युतरावांचा त्याच्यावर जीव होता. त्याच्याकडे ग्रीन टेरर जातीचा मासा होता, दिसायला देखणा आणि नावाला जागणारा. त्याला सोबत म्हणून अच्युतरावांनी मोठा सेव्हरम सुचवला होता. तोही अंगाने भरलेला, पण शांत. जोडी जमायला हवी होती. जमत नव्हती.

रविवारी अच्युतराव स्कूटर काढून नव्या रायपूरला संग्रामकडे गेले. टाकी मोठी होती, पाणी स्वच्छ. ग्रीन टेरर मधोमध डौलात फिरत होता. सेव्हरम वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तिरका होऊन उभा होता.

"आपने जो बोला था वही लाया, काकाजी," संग्राम म्हणाला. "फिर भी देखिए ना. कुछ खाता ही नहीं. और वो इसको मारता भी नहीं है. बस देखता है."

अच्युतरावांनी वाकून पाहिलं. सेव्हरमच्या अंगावर खवला निघालेला नव्हता, कल्ल्याला ओरखडा नव्हता.

"दगड हलवले का?" त्यांनी विचारलं.

"कौन से दगड?"

"आतले. नवा मासा सोडाच्या आधी सगळे दगड, लाकडं उचलून दुसरीकडं ठेवा लागते. सांगतलं होतं मी तुले."

"मुझे लगा सजावट की बात है."

"सजावट नाही बे. जुना मासा एकेक दगड ओळखते. हा माझा, तो माझा, त्याच्यामागची जागा माझी. तू सगळं जसंच्या तसं ठेवलं अन् नव्याले म्हणतं, राह्य. कुठं राहीन तो? त्याले मारा लागतच नाही. नुसतं पाहिलं तरी पुरते. तो आपला कोपरा धरते, खाणं सोडते अन् एका दिवशी उलटा दिसते."

बोलता बोलता त्यांनी बाही कोपराच्या वर सारली आणि दिवा बंद करायला लावला. एकेक दगड बाहेर काढून त्यांनी डावीकडचे उजवीकडे रचले, लाकूड आडवं केलं, मधली गुहा मोडली. पाणी गढूळ झालं. ते निवळेपर्यंत संग्रामने चहा केला. ग्रीन टेरर आपली गुहा होती तिथे जाऊन थांबला, वळला, पुन्हा गेला. त्याचा तोरा उतरला होता. थोड्या वेळाने सेव्हरम नळीमागून निघाला आणि खाली एका दगडाला तोंड लावून पाहू लागला.

"अरे वा," संग्राम म्हणाला.

अच्युतराव परत निघाले. रस्ता रुंद, मोकळा, दोन्ही बाजूंना रिकाम्या जागा. डोक्यात काही नव्हतं.

घरी पुढचं दार लोटलेलं होतं. ते आत आले, पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, मागच्या दारापर्यंत. मागे मोरीशेजारी भिंतीच्या कोपऱ्यात बादली उपडी घालून तिच्यावर रमाताई बसली होती. मांडीवर ताटली, हातात कप. पोळी चहात बुडवून खात होती. चारचं ऊन सरळ तिच्या तोंडावर.

हे रोज असंच होत असणार. सुट्टीच्या दिवशी त्यांना दिसतही असणार. आज त्यांनी पाहिलं.

"ताई, इथं काहून बसली?"

"सावली आहे ना इथं," ताई म्हणाली आणि लगबगीने उठली. बादली सुलटी करून तिने नळाखाली जागच्या जागी ठेवली.

अच्युतरावांनी चौकटीला हात टेकला.

"अभनपूरले कधी जाऊन राहिली?"

ताईने ताटली मोरीत ठेवली. मग म्हणाली, "पाडव्यानंतर या म्हणते. तुले सांगणारच होती मी. तू काही बोलला नाही अच्युत, तसं काही मनात आणू नको. तू तर आवाजही नाही चढवला कधी. पण या घरात कुठं उभं राहावं, तेच मले समजत नाही रे."

अच्युतराव आत वळले. स्वयंपाकघरातल्या फळीवरून त्यांनी पहिला डबा काढला आणि जमिनीवर ठेवला. मग दुसरा. डाळी, पोहे, रवा, साखर, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी. सगळी फळी उतरवली. फळीवर डब्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे राहिले.

"अरे, काय करून राहिला?"

"लाव. तुले हात पुरते तिथं लाव."

"कुमुदची मांडणी आहे ते."

"मले माहीत नाही का?" ते म्हणाले. आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला, आणि चढल्याचं दोघांनाही नवल वाटलं.

ते पुढे येऊन बसले. कुमुदची खुर्ची त्यांनी ओढून खिडकीशी ठेवली, आपली दुसऱ्या बाजूला. साहेब काचेशी आला आणि खुर्च्या होत्या तिथे नाहीत म्हणून इकडेतिकडे फिरला. आतून डब्यांचा आवाज येऊ लागला. एकदा ते उठले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन बसले. मध्येच ताईने विचारलं, "बाळकृष्ण देवघरात ठेवू का?" त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने लवकर उठले. ताई त्याआधीच उठून खिडकीशी खुर्चीवर जप करत बसली होती. त्यांनी गॅसवर चहाचं पाणी ठेवलं, आलं ठेचून टाकलं, आणि न पाहता हात वर नेला, उजवीकडून दुसऱ्या डब्याकडे.

हात रिकाम्या फळीला लागला.

तो तसाच वर राहिला. फळी थंड होती. साखर तिथे नव्हती, आणि जिने ती तिथे ठेवली होती ती आता पुन्हा कधीच ठेवणार नव्हती. कुमुद गेली होती. दिवाळीनंतर गेली होती, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं, सकाळी, ओट्यापाशी. त्यांनी दुसऱ्या हाताने ओटा धरला. तोंडातून जो आवाज आला तो त्यांनी स्वतःचाच कधी ऐकला नव्हता.

पुढच्या खोलीत ताईची खुर्ची करकरली. मग थांबली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, साखर कुठं आहे?"

"खालीच आहे, पोह्याच्या डब्यामागं," ताई म्हणाली. तिचाही आवाज ठीक नव्हता. ती आत आली नाही. पाणी उकळून तळाशी गेलं होतं. अच्युतरावांनी ते ओतून टाकलं, दोन कप नवं पाणी ठेवलं आणि साखर शोधायला खाली वाकले.