स्टेअरिंगमधली हवा

परवा गॅरेजात स्टेअरिंगच्या तेलाचा वास आला आणि दुष्काळातली ती दुपार आठवली. आजारी आईला लातूरहून नांदेडच्या दवाखान्यात नेताना वाटेत स्टेअरिंगचा पाइप फुटला. दुसरी गाडी मिळेना. साऱ्या पाण्याच्या खेपांना गेलेल्या. मिस्त्री रहीमचाचांनी पाइप बदलून तेल भरलं.

"तेलात हवा हाय. फेस मोडंपर्यंत स्टेअरिंग डावं-उजवं फिरवत ऱ्हा."

मी जागच्या जागी स्टेअरिंग फिरवत होतो. पंप कण्हत होता. मागे बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून आईनं विचारलं, "नांदेड आलं का रं?"

"आलंच, आई."

हळूहळू फेस मोडला. चाचा म्हणाले, "निघा आता."

बायकोनं आईच्या तोंडावर पदर ओढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता घाई नका करू."

एका बोटानं फिरणाऱ्या त्या स्टेअरिंगनं मी गाडी लातूरकडे वळवली.